वेदी आणि पियानो : फ्रान्झ लिस्ट यांचे बालपण व तारुण्य

पिंपरी-चिंचवडमधील आमच्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्साबलिदानाच्या वेळी गायकवृंदाकडे नजर टाकली, तर कीबोर्डवर बसलेला बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी हमखास दिसते. वडील पिंपरी, भोसरी वा चाकणच्या कारखान्यात पाळीवर कामाला जातात. रात्रपाळी करून आलेला हा माणूस शनिवारी सकाळी झोप बाजूला ठेवून मुलाला दुचाकीवर मागे बसवतो आणि संगीताच्या शिकवणीला नेतो. मिस्सानंतर चर्चच्या आवारात असे पालक भेटतात आणि मूल चांगले वाजवते पण पुढे काय, अशी चिंता बोलून दाखवतात. मुलाला वेदीसेवेचीही ओढ असेल, तर ती चिंता दुहेरी होते. आमच्याजवळ या प्रश्नाचे तयार उत्तर नाही. मात्र असाच एक बाप आणि असाच एक मुलगा सुमारे दोनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. मुलाचे नाव पुढे साऱ्या युरोपात गाजले, परंतु त्या नावामागची पहिली वीस वर्षे फारशी कुणी सांगत नाही. म्हणून ती येथे सांगतो.

ऑस्ट्रियाच्या पूर्व टोकाला बुर्गेनलांड प्रांतात रायडिंग नावाचे खेडे आहे. त्या काळी ते हंगेरीच्या राज्यात मोडत असे आणि एस्टरहाझी या बड्या सरदार घराण्याच्या जहागिरीत होते. आदाम लिस्ट हे या जहागिरीचे नोकर. जहागिरीच्या मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवणे हे त्यांचे काम. आपल्या भाषेत सांगायचे, तर मोठ्या कंपनीतील कायमची नोकरी, राहायला घर आणि दरमहा ठरलेले वेतन. आदाम यांचा जीव मात्र हिशेबाच्या वह्यांत कधीच रमला नाही. पूर्वी आयझेनस्टाट येथे ते राजपुत्राच्या वाद्यवृंदात चेलो वाजवत असत. हायडन आणि हुम्मेल यांच्यासारख्या थोर संगीतकारांचा सहवास त्यांना तेथे लाभला होता. तेथून बदली झाली ती मेंढ्यांच्या गावी.

त्याही आधीची एक गोष्ट आहे आणि आमच्या मते या साऱ्या कथेची किल्ली तीच आहे. ऐन तारुण्यात, १७९५ साली, आदाम यांनी फ्रान्सिस्कन मठात प्रवेश घेतला होता. सुमारे दोन वर्षे त्यांनी तेथे उमेदवारी केली. मन स्थिर नाही या कारणास्तव १७९७ साली त्यांना मठातून निरोप देण्यात आला. मठ सुटला तरी मठवासीयांशी जडलेला स्नेह सुटला नाही. पुढे त्यांनी क्रेम्स येथील एका पाववाल्याची कन्या मारिया आना लागर हिच्याशी विवाह केला. तिचे आईवडील लवकर वारले होते आणि व्हिएन्नात घरकाम करून ती वाढली होती. या दांपत्याला २२ ऑक्टोबर १८११ रोजी पुत्र झाला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या उंटरफ्राउएनहाइड गावातील चर्चमध्ये त्याचा स्नानसंस्कार झाला आणि त्याला फ्रान्सिस हे नाव देण्यात आले. जर्मन भाषेत तेच फ्रान्झ.

मूल अशक्त होते, वारंवार तापाने फणफणत असे. एकदा तर ते आता वाचत नाही असे समजून गावातल्या सुताराकडून शवपेटी करवून घेतल्याचे सांगतात. सहा वर्षांचा असताना वडील घरी रीस या संगीतकाराची एक रचना वाजवत होते आणि फ्रान्झ पियानोला टेकून ऐकत होता. संध्याकाळी बागेतून परत आल्यावर त्याने त्या रचनेची मुख्य धून जशीच्या तशी गुणगुणली. आदाम यांनी लगेच शिकवणीला सुरुवात केली. गावच्या शाळेत लिहिणे, वाचणे आणि गणित एवढेच काय ते शिक्षण झाले. त्यापुढचे शालेय शिक्षण या मुलाला कधी मिळालेच नाही आणि मोठेपणी ही उणीव त्याला फार सलत राहिली. रविवारी चर्चमधील संगीत आणि गावाबाहेर तळ ठोकणाऱ्या रोमा वादकांची व्हायोलिने, असे दोन नाद त्याच्या कानात लहानपणीच मुरले. ते दोन्ही अखेरपर्यंत टिकले.

ऑक्टोबर १८२० मध्ये, नऊ वर्षांच्या उंबरठ्यावर, फ्रान्झने शोप्रोन शहरात प्रथमच लोकांसमोर वादन केले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबर रोजी प्रेसबुर्ग येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, त्याने हंगेरीच्या सरदारांपुढे पियानो वाजवला. काही सरदारांनी एकत्र येऊन त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षे दरसाल ६०० गुल्डन देण्याचे कबूल केले. आदाम यांच्यापुढे आता खरा पेच उभा राहिला. शिकायचे तर व्हिएन्नाला जायला हवे. व्हिएन्नाला जायचे तर नोकरीचे काय? त्यांनी राजपुत्राकडे रजेसाठी अर्ज केला, एक वर्षाची रजा मिळाली आणि १८२२ मध्ये घरातील चीजवस्तू विकून हे कुटुंब व्हिएन्नात दाखल झाले. पुढील वर्षी रजा वाढवून मागितली, ती नाकारली गेली आणि नोकरी सुटली. कायमची नोकरी सोडताना घरातल्या बाईच्या मनात काय काय येते, हे आमच्या औद्योगिक नगरीतील भगिनींना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

व्हिएन्नात मुलाला दोन गुरू लाभले. कार्ल चेर्नी हे बेटहोव्हेनचे शिष्य आणि शहरातील सर्वांत नावाजलेले पियानोशिक्षक. आंतोनियो सालिएरी हे दरबाराचे वयोवृद्ध संगीतप्रमुख. त्यांनी स्वररचनेचे शास्त्र शिकवले. दोघांनीही या गरीब कुटुंबाकडून शुल्क घेतले नाही. चेर्नी यांनी हा फिकट, नाजूक मुलगा पूर्वी एकदा ऐकला होता. तेव्हा तो स्टुलावर इतका डोलत होता की आता पडतो की काय असे त्यांना वाटले होते. बोटे कुठेही पडत आणि लयीला धरबंध नव्हता, पण निसर्गाने या पोराच्या बोटांत काय भरून ठेवले आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आता दररोज संध्याकाळी ते त्याला शिकवू लागले. प्रथम स्वरांचे पलटे, मग प्रत्येक बोटाचे स्थान, मग काटेकोर ताल. मोठ्या रचना वाजवून टाळ्या मिळवण्याची सवय लागलेल्या मुलाला हे जाचक वाटले. चेर्नी मात्र बधले नाहीत. ही शिकवणी वर्षभरापेक्षा थोडीच अधिक टिकली, पण पुढच्या साऱ्या आयुष्याला तेवढी पुरली. लिस्ट यांनी नंतर आपल्या सर्वांत अवघड अभ्यासरचनांचा संग्रह याच गुरूला अर्पण केला.

१ डिसेंबर १८२२ रोजी व्हिएन्नात फ्रान्झची पहिली मैफल झाली. याच सुमारास दियाबेली या प्रकाशकाने आपल्या एका छोट्या नृत्यधुनेवर अनेक संगीतकारांकडून प्रत्येकी एक रचना मागवली होती. त्यांच्या यादीत शूबर्ट होते, चेर्नी होते आणि सर्वांत लहान होता तो अकरा वर्षांचा फ्रान्झ. १८२३ च्या एप्रिलमधील मैफलीनंतर बेटहोव्हेन यांनी व्यासपीठावर येऊन या बालकाच्या कपाळाचे चुंबन घेतले, ही कथा पुष्कळ पुस्तकांत आढळते. बेटहोव्हेन तोवर पूर्ण बहिरे झाले होते आणि ते त्या मैफलीस आले असावेत असे अभ्यासकांना वाटत नाही. गोष्ट सुंदर आहे, एवढ्यावरून ती खरी धरावी असे आम्हांस वाटत नाही.

१८२३ च्या डिसेंबरात पितापुत्र व माता पॅरिसला पोहोचले. तेथील सरकारी संगीतविद्यालयात प्रवेश मिळावा ही आदाम यांची आस होती. विद्यालयाचे संचालक केरुबिनी यांनी परकीयांना प्रवेश नाही, असा नियम दाखवून दार बंद केले. गंमत अशी, की केरुबिनी स्वतः इटालियन होते. मुलगा ढसाढसा रडला. त्याच्या पाठीशी उभे राहिले ते पियानो बनवणारे एरार घराणे. त्यांनी नुकतीच अशी यंत्रणा तयार केली होती की एकच पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा वाजवता येत असे. चपळ बोटांच्या मुलाला असे वाद्य हवेच होते आणि कारखानदाराला असा वादक. ७ मार्च १८२४ रोजी पॅरिसच्या इटालियन नाट्यगृहात झालेल्या मैफलीनंतर शहरभर त्याचे नाव झाले. मग इंग्लंडचा दौरा, विंडसर येथे राजे चौथे जॉर्ज यांच्यासमोर वादन, पुन्हा इंग्लंड, फ्रान्सची लहान-मोठी शहरे, स्वित्झर्लंड. १७ ऑक्टोबर १८२५ रोजी त्याने रचलेली एकांकी संगीतिका पॅरिसच्या ऑपेरात सादर झाली, तेव्हा त्याला चौदा वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस होते. प्रयोग चारच झाले.

या धावपळीत आई मागे राहिली. १८२४ मध्ये दौरे सुरू झाले तशी ती ऑस्ट्रियाला परत गेली आणि मुलाची व तिची ताटातूट झाली, ती तीन वर्षे. आज एक सरदार, उद्या दुसरा, परवा परगावची मैफल. सर्वत्र गोंजारणे, मिठाई, टाळ्या. आपण कलावंत आहोत की श्रीमंतांच्या करमणुकीसाठी पाळलेला, खेळ करून दाखवणारा कुत्रा, असा प्रश्न त्याला पडू लागला. मोठेपणी त्याने त्या काळाबद्दल अशाच कडवट शब्दांत लिहिले आहे. अशा वेळी त्याला आधार मिळाला तो प्रार्थनेचा. संतचरित्रे, वाळवंटातील तपस्व्यांच्या कथा आणि ‘ख्रिस्तानुकरण’ हे पुस्तक तो झपाटल्यासारखा वाचू लागला. कोणत्याही गावी गेला तरी तो आधी चर्चचा पत्ता विचारी. अखेरीस त्याने वडिलांजवळ मनातले सांगितले. त्याला पियानो नको होता. त्याला सेमिनरीत जायचे होते, धर्मगुरू व्हायचे होते.

आदाम यांनी नकार दिला. देवावर प्रेम करावे, सद्वर्तनी राहावे, परंतु तू संगीताचा आहेस, चर्चसेवेचा नाहीस, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धर्मग्रंथांचे वाचन त्यांनी आटोक्यात आणले आणि मैफली चालूच ठेवल्या.

या नकाराबद्दल आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आदाम यांनी मुलाच्या कमाईपायी पाचारणाचा गळा घोटला, असे म्हणणे सोपे आहे. दौऱ्यांचा पैसा त्यांना हवाच होता, हेही खरे. पण हा बाप स्वतः मठात दोन वर्षे काढून बाहेर पडलेला होता. अस्थिर मनाचा ठपका घेऊन परतणे काय असते, ते त्यांनी भोगले होते. पंधरा वर्षांच्या थकलेल्या मुलाची ही ओढ पाचारणाची आहे की टाळ्यांपासून पळण्याची, हे त्यांना तरी कसे कळावे? धर्मगुरूंना अशा प्रसंगी वर्षानुवर्षे पारख करावी लागते. आदाम यांना तेवढा वेळ मिळाला नाही.

१८२७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या तिसऱ्या दौऱ्यानंतर दोघेही फ्रान्सच्या किनाऱ्यावर बुलोन येथे विश्रांतीसाठी उतरले. समुद्रस्नानाने प्रकृती सुधारेल अशी आशा होती. तेथे आदाम यांना विषमज्वर झाला आणि २८ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. परक्या गावात, आई शेकडो मैल दूर असताना, पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांना मूठमाती दिली. शेवटच्या दिवसांत वडिलांनी एक भीती बोलून दाखवली होती, ती अशी की स्त्रिया तुझ्या आयुष्यात वादळ आणतील. या बोलण्याचा अर्थ त्या वेळी आपल्याला मुळीच कळला नाही, दहा आज्ञांतील सहाव्या आणि नवव्या आज्ञेचा अर्थ आपल्याला पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना विचारावा लागला, असे त्याने पुढे कबूल केले आहे.

त्याने आपला एरार पियानो विकून देणी फेडली, आईला पॅरिसला बोलावून घेतले आणि मैफली थांबवल्या. आता तो श्रीमंतांच्या मुलींना पियानो शिकवू लागला. सकाळी साडेआठला घराबाहेर पडायचे आणि रात्री दहाच्या सुमारास परतायचे, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत. त्याच्या विद्यार्थिनींपैकी एक कारोलीन द सँ-क्रिक. तिचे वडील फ्रान्सचे व्यापारमंत्री होते. दोघेही सतरा वर्षांच्या आसपासचे, दोघेही श्रद्धाळू. शिकवणी संपल्यावर वाचन आणि धर्मचर्चा होत असे आणि त्यातून प्रीती जडली. वडिलांना कळताच त्यांनी शिक्षकाला घराचे दार दाखवले. मंत्र्याची कन्या आणि पियानो शिकवणारा, हे जुळणे शक्यच नव्हते.

फ्रान्झ अंथरुणाला खिळला. महिनोन्महिने त्याने लोकांत तोंड दाखवले नाही. १८२८ मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्राने त्याचा मृत्युलेखदेखील छापून टाकला. सतरा वर्षांचा मुलगा अंथरुणावर पडून स्वतःचा मृत्युलेख वाचतो, हा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पुन्हा तो वेदीकडे वळला. जवळच्या चर्चमध्ये तासन् तास गुडघे टेकून बसू लागला. पुन्हा सेमिनरीत जाण्याची विनवणी केली, या वेळी आईजवळ. आईने अश्रू ढाळले. तिचे दुसरे कोणी नव्हते आणि घर त्याच्या शिकवण्यांवर चालत होते. त्याचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आबे बार्दँ यांनीही घाई न करण्याचा सल्ला दिला. दुसऱ्यांदा ते दार बंद झाले.

जुलै १८३० मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर क्रांती झाली. तोफांच्या आवाजाने हा तरुण खडबडून जागा झाला. पुस्तकांवर तुटून पडला, न मिळालेल्या शिक्षणाची भरपाई करू लागला. एप्रिल १८३२ मध्ये पॅरिसमध्ये पटकीची साथ होती. साथग्रस्तांच्या मदतीसाठी पागानिनी यांनी व्हायोलिनवादनाची मैफल केली आणि श्रोत्यांमध्ये लिस्ट होता. व्हायोलिनवर त्या माणसाने जे अशक्य ते करून दाखवले, ते पियानोवर करायचेच असा त्याने निश्चय केला. दररोज चार-पाच तास नुसते बोटांचे अभ्यास सुरू झाले. ज्या चेर्नी यांच्या पलट्यांना तो कंटाळत असे, त्याच वाटेवर तो स्वतःहून परतला होता.

येथून पुढची कारकीर्द जगप्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८३७ मध्ये थालबेर्ग या प्रतिस्पर्ध्याशी पॅरिसमध्ये त्यांचा सामना झाला. १८३८ मध्ये हंगेरीतील पेश्त शहर महापुरात बुडाले, तेव्हा व्हिएन्नात मैफली करून त्यांनी पूरग्रस्तांसाठी मोठी रक्कम उभी केली. दुसऱ्या कुणाला सोबत न घेता एकट्याने संपूर्ण मैफल करण्याची प्रथा त्यांनीच रूढ केली. लिस्बनपासून सेंट पीटर्सबर्गपर्यंत लोक त्यांच्यासाठी वेडे झाले. आणि १८४७ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी पैशासाठी व्यासपीठावर वाजवणे थांबवले. त्यानंतर शेकडो शिष्यांना त्यांनी शिकवले, तेही विनामूल्य, जसे चेर्नी आणि सालिएरी यांनी त्यांना शिकवले होते.

वडिलांची भीतीही खोटी ठरली नाही. मारी दागू या विवाहित सरदार स्त्रीबरोबर ते अनेक वर्षे राहिले आणि त्यांना तीन अपत्ये झाली. ती बरीचशी आजीजवळ, म्हणजे आना यांच्याजवळ, पॅरिसमध्ये वाढली. ही बाब झाकून ठेवून लिस्ट यांना संत ठरवणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यांनी स्वतःही तसा आव कधी आणला नाही. १८५९ मध्ये पुत्र दानिएल गेला, १८६२ मध्ये कन्या ब्लांदीन गेली. त्या सुमारास लिस्ट रोममध्ये राहत होते. शहराबाहेरील मोंते मारियो टेकडीवर रोझरीमातेच्या मठातील साध्या खोलीत त्यांनी मुक्काम हलवला. १८६३ च्या जुलैमध्ये पोप नववे पायस स्वतः तेथे येऊन त्यांचे वादन ऐकून गेले.

२५ एप्रिल १८६५ रोजी व्हॅटिकनमध्ये आर्चबिशप होहेनलोहे यांच्या खासगी चॅपेलमध्ये लिस्ट यांचा केशकर्तनविधी झाला आणि त्याच वर्षी ३० जुलै रोजी त्यांनी द्वारपाल, वाचक, अपदूतनिवारक व वेदीसेवक या चार कनिष्ठ दीक्षा स्वीकारल्या. ही व्यवस्था पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये बदलली. वाचक आणि वेदीसेवक या दोन सेवा मात्र आजही आहेत. लिस्ट पूर्ण धर्मगुरू झाले नाहीत. त्यांना मिस्साबलिदान अर्पण करता येत नसे, पापनिवेदन ऐकता येत नसे. तरी त्या दिवसापासून ते काळा झगा घालू लागले आणि लोक त्यांना आबे लिस्ट म्हणू लागले. काही वृत्तपत्रांनी हे नवे नाटक म्हणून टर उडवली. रायडिंगचा तो आजारी मुलगा, बुलोनच्या वाटेवरचा तो पंधरा वर्षांचा वाचक आणि १८२८ मधील ते अंथरूण ज्यांना ठाऊक होते, त्यांना हे नाटक वाटणे शक्य नव्हते.

अशी जाणणारी एकच व्यक्ती तेव्हा उरली होती. आना लिस्ट सत्त्याहत्तर वर्षांच्या होत आल्या होत्या आणि हाड मोडल्यामुळे पॅरिसमध्ये नातजावयाच्या घरी पडून होत्या. मुलाने पत्र पाठवून ही बातमी कळवली. ते वाचून त्या प्रथम रडल्या. सेमिनरीची वाट अडवण्यासाठीही त्या एकदा रडल्या होत्या, त्या गोष्टीला जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. मग त्यांनी उत्तर लिहिले, देवाची इच्छा मान्य केली आणि मुलाला आशीर्वाद दिला. पुढल्या वर्षी ६ फेब्रुवारी १८६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. मार्च महिन्यात लिस्ट यांनी रचलेल्या मिस्साच्या संगीताचे सादरीकरण पॅरिसच्या सँ-त्युस्ताश चर्चमध्ये व्हायचे होते. त्यासाठी ते आले, काळ्या झग्यात, आई गेल्यानंतर महिन्याभराने.